कबंध

बदलीच्या नोकरीत माणसाची खरी परीक्षा सामान बांधताना होते. बरोबर काय न्यावयाचे आणि तराजूत काय घालावयाचे, यावर आमच्या घरी दर तीन वर्षांनी वाद होतो. यंदा जबलपूरच्या मुक्कामी वादाचा विषय झाला तो आमचा २०१२ सालचा डेस्कटॉप संगणक. त्याचा पडदा अगोदरच काळा पडलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ ने त्याला वयाच्या दाखल्यावरून दारातच अडविले. "भंगारवाल्याला बोलावू का?" अशी घरातून पृच्छा झाली. निवृत्तीस टेकलेल्या माणसाला हा प्रश्न जरा जिव्हारीच लागतो. आम्ही त्याला मुदतवाढ दिली.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्वल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स पडद्याचा हट्ट धरीत नाही. खिडक्या आणि चित्रे हे तिथे अंगावरचे दागिने; उतरवून ठेवले तरी संसार चालतो. शेजाऱ्यांचा पडदा उसना आणून आम्ही डेबियन बसविले. स्थापनेच्या यादीत चित्रमय पटलापुढची खूण काढली, 'एसएसएच सर्व्हर'पुढे केली. मग कळफलक काढून पाहिला, तर यंत्र अडून बसले: कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा! असा शेरा आम्ही पुष्कळ फायलींवर वाचला आहे. बायोसमध्ये शिरून, त्रुटी दिसली तरी थांबू नये आणि वीज जाऊन आली की आपणहून उठावे, अशा दोन आज्ञा दिल्या, आणि पडदा साभार परत केला.

इंग्रजीत अशा यंत्राला डोके नसलेले म्हणतात. मराठीत 'बिनडोक' म्हटले तर त्याच्यावर अन्याय होईल; बुद्धी शाबूत आहे, नाही ते फक्त तोंड. आम्हांला रामायणातला कबंध आठवतो. त्यालाही मस्तक नव्हते, पण बाहू योजनभर लांब. आमच्या कबंधाचा बाहू म्हणजे एसएसएच. जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द कोणी चोरून ऐकू नयेत, म्हणून १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील तातू युलोनेन यांनी तो घडविला. यंत्र पलंगाखाली आणि आम्ही ओसरीवर. लॅपटॉपवर एक ओळ लिहिली की ते उत्तर देते.

ते सुमारे ४० वॅट खाते, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट. याहून कमी खाणारी नवी यंत्रे मिळतात, हे घरात आम्हांला वेळोवेळी ऐकविले जाते. पण त्याच्याकडे सोपविलेले काम साधे नाही. आमच्या आईच्या पत्रांची पेटी एका बदलीत मालमोटारीवर पावसाने भिजली. वाचली तेवढ्या पत्रांची छायाचित्रे या यंत्रात आहेत. जुन्या डिस्कवर एकट्या विसंबू नये. म्हणून रोज रात्री दोन वाजता आरसिंक नावाची आज्ञावली, जे नवे किंवा बदललेले असेल तेवढेच पुण्याला मुलीच्या घरी पोहोचविते. दारे बंद करून झोपलेल्या घरात हा एकटा जागा असतो.

राउटरमध्ये आम्ही त्याचा पत्ता नेमून दिला आहे: १९२.१६८.१.१०. हा पत्ता खाजगी श्रेणीतला. घरापुरताच चालतो, म्हणूनच कोणत्याही गावी चालतो. आमचा राउटर बरोबर नेला की पुढच्या मुक्कामीही तो हाच राहील. सरकारी अर्जातल्या 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी आमची लेखणी जन्मभर अडखळली. घरात तसा पत्ता असलेला हा पहिलाच. आणि त्या पत्त्यावर आईची पत्रे आहेत, ज्यांतले प्रत्येक एकाच वाक्याने संपते: नवा पत्ता कळवावा.