‘डॉक, ऑफ द रेकॉर्ड बरं का!’

चि. भाचीबाईंस,


तुझं पत्र परवा मिळालं. स्क्वॉड्रनमध्ये वैमानिकांची डॉक्टर म्हणून रुळलीस हे वाचून मामीला माझ्याहून जास्त आनंद झाला. तू विचारतेस, इंडियन सोसायटी ऑफ एअरोस्पेस मेडिसिनचं सदस्यत्व घेऊन पदरात काय पडतं? वर खोचक शेराही मारला आहेस, ‘वर्षातून एकदा भाषणं ऐकायची आणि हारतुरे बघायचे, एवढंच ना?’ कधीकधी एवढंच असतं, खरं आहे. तरी घे म्हणतो. कारण सांगायला जरा लांबण लागेल.

तू बसली आहेस त्या खुर्चीची गंमत एव्हाना तुझ्या लक्षात आली असेल. बाकीच्या डॉक्टरांकडे माणूस बरं वाटत नाही म्हणून येतो. तुझा वैमानिक नेमका बरं वाटत नसतानाच तुला टाळतो. ए-वन जी-वन ही त्याची पूर्ण तंदुरुस्तीची कॅटेगरी म्हणजे त्याची रोजीरोटी, त्याचा मान आणि त्याचं वेड, सगळं एकाच शिक्क्यात. तो शिक्का काढून घेणारा कागद तुझ्या टेबलावर. मग तो दवाखान्याची पायरी कशाला चढेल? क्रू-रूममध्ये चहाचा कप घेऊन हळूच बाजूला येतो आणि म्हणतो, ‘डॉक, ऑफ द रेकॉर्ड बरं का, जराशी सर्दी आहे. उद्याची सॉर्टी करू ना?’

या ‘जराशी’चा अर्थ तुला ठाऊक आहे. कानाची नळी सुजलेली. विमान झपाट्याने खाली येताना बाहेरचा दाब वाढणार, मधल्या कानाला त्याच्याशी जुळवून घेता येणार नाही, पडदा आत खेचला जाणार, आणि नशीब फारच वाईट असेल तर ऐन उतरताना चक्कर. कुणाला न विचारता सर्दीची गोळी घेतली असेल, तर तिची झापड वेगळीच. तू ‘नाही’ म्हणालीस की पुढच्या खेपेला तो विचारणारच नाही. ‘बघू’ म्हणालीस, तर रात्रभर तुझाच डोळा लागणार नाही.

हे तू बोलणार कुणाशी? कान-नाक-घशाचा तज्ज्ञ कान बरा करील, पण क्रू-रूममधलं राजकारण त्याला कळत नाही. सीओंना उद्या किती वैमानिक हजर आहेत तेवढं हवं असतं. एएफएमसी कॉलेजातले तुझे बॅचमेट आयसीयूत रात्री काढतात. त्यांच्या लेखी तू धडधाकट माणसांची डॉक्टर, म्हणजे सुखी जीव. राहतात ते तुझ्यासारखेच, दुसऱ्या कुठल्या तरी तळावर एकेकटे बसलेले. त्यांना गाठायचं म्हणजे सोसायटी. अमेरिकेत लुई बाउअर यांनी १९२९मध्ये पहिली संघटना उभी केली, तीही याच गरजेतून. वैमानिकांची तपासणी करणारे डॉक्टर देशभर विखुरलेले होते, आणि कुणाचं निरीक्षण कुणाला कळत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी नियतकालिकही सुरू केलं.

एकेकट्याला काय दिसत नाही, हे बघायचं असेल तर अमेरिकेच्या एफ-२२ रॅप्टर विमानाचं प्रकरण मुळातून वाच. वैमानिकांना हवेत गरगरायला लागलं, प्राणवायू कमी पडल्यासारखी लक्षणं दिसू लागली. मे २०११मध्ये अख्खा ताफा जमिनीवर आला आणि सप्टेंबरपर्यंत उडाला नाही. संशय विषारी हवेवर, म्हणून प्राणवायूच्या वाटेत गाळणी बसवली. शेवटी २०१२मध्ये निदान झालं ते छातीवरच्या जाकिटाच्या झडपेचं. जे जाकीट जास्त ‘जी’च्या, म्हणजे तीव्र वळणात अंगावर येणाऱ्या भाराच्या, वेळी फुगायला हवं, ते नको तेव्हाही फुगलेलं राहत होतं आणि छातीला पुरतं पसरू देत नव्हतं. वर त्या गाळणीने श्वास आणखी जड केलेला. आणि वैमानिकांचा तो प्रसिद्ध ‘रॅप्टर कफ’, खोकला? जवळपास निव्वळ प्राणवायू घेत जोराचा ‘जी’ सोसला की फुप्फुसांचे खालचे भाग मिटतात आणि खोकला येतो, हे १९६०च्या आसपासच्या शोधनिबंधांत लिहून ठेवलेलं होतं. ज्या माणसाने मागच्या पिढीचे अंक चाळलेत, त्याचा अर्धा घोळ तिथेच मिटतो. मला सोसायटीचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो हाच: जुन्या लोकांनी पाहिलेलं तिथे टिकून राहतं.

आपल्याकडे त्यात आणखी एक सोय आहे. परिषदेत तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बंगळूरच्या डेबेल प्रयोगशाळेचा माणूस असू शकतो, जिथे वैमानिकांच्या प्राणवायूच्या यंत्रणा आणि पेहराव घडतात. मास्क नाकावर घासतो ही तक्रार फायलीतून पाठवलीस, तर उत्तर यायला किती काळ लागेल देव जाणे. जेवणाच्या रांगेत सांगितलीस, तर तो मास्क तिथल्या तिथे कागदावर काढून दाखवतो.

हारतुऱ्यांबद्दल तुझं म्हणणं मला मान्य आहे. सुब्रोतो मुखर्जींच्या नावाचं व्याख्यान लांबतं. (हवाई दलाचे हे पहिले भारतीय प्रमुख १९६०मध्ये टोकियोत जेवताना घशात घास अडकून गेले, डॉक्टरांच्या सभेत त्यांचं नाव निघालं की मला दरवेळी हेच आठवतं.) एका चर्चासत्राला एअर व्हाइस मार्शल माणेकशा यांचं नाव आहे. सॅम बहादूर, म्हणजे फील्ड मार्शल सॅम माणेकशा, सगळ्यांना ठाऊक; त्यांचे धाकटे भाऊ जेमी आपल्यासारखे डॉक्टर होते आणि पेन्साकोलाच्या अमेरिकी नौदल तळावरून एअर सर्जनचे विंग्ज मिळवणारे पहिले भारतीय, हे मात्र आपल्याच लोकांना सांगावं लागतं. आणि तुझ्याच कॉलेजच्या पद्मा बंदोपाध्याय या सोसायटीच्या पहिल्या महिला फेलो.

मला खरी खटकते ती पहिली रांग. तिथे मोठ्या हुद्द्याची माणसं बसली की मागच्या फ्लाइट लेफ्टनंटची जीभ टाळूला चिकटते. सलाम ठोकून वाद घालता येत नाही, आणि वादाशिवाय शास्त्र पुढे सरकत नाही. ‘सर, तुमच्या आलेखात झोपेचे तास धरलेले नाहीत’ एवढं म्हणायलाही छातीत धडधडतं. तू म्हण. सभ्यपणे म्हण, पण म्हण. जे ज्येष्ठ खरोखर या विषयातले असतात, ते चहाला तुला शोधत येतात. बाकीच्यांची काळजी करू नकोस.

निबंध वाचायचाच तर मोठा विषय घेऊ नकोस. फसलेला उपाय, न जुळलेले आकडे, एखादी साधी केस, हेच घे. त्याला कुणी बक्षीस देत नाही, पण दुसऱ्या दिवशी चार जण कॉपी मागतात. फक्त आपलं जग फार लहान आहे, हे विसरू नकोस. ‘एका लढाऊ विमानाचा वैमानिक, वय ३२, पश्चिम विभाग’ असं लिहिलंस की सभागृहातल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव कळलं म्हणून समज. क्रू-रूममध्ये तुझ्यावर विश्वास टाकून बोललेला माणूस पडद्यावर गेला, तर त्या स्क्वॉड्रनमध्ये तुझ्याशी पुन्हा कुणी चहा पिणार नाही.

म्हणून तू लिहिलेल्या त्या कानाच्या केसचं असं कर. आधी त्याची लेखी संमती घे, आणि त्याला मसुदा वाचायला दे. वय दशकात सांग, विमानाचा प्रकार आणि तळ काढून टाक, तारीख तर नकोच. मग मला पाठव. संदर्भ मी तपासतो. सोसायटीच्या जर्नलचे जुने अंक अजून माळ्यावर आहेत. तेवढे खाली काढायला मामीची परवानगी तू माग.

तुझा,
मामा