केडगावची मुक्ती

ग्वाल्हेर, भोपाळ किंवा हैदराबादकडील मराठी मंडळी लग्नकार्यासाठी पुण्यास निघाली, की दौंड मागे पडताच डब्यात आवराआवर सुरू होते. मुलांची तोंडे पुसली जातात, शिदोरीचे डबे पिशवीत जातात, पुणे आता तासाभरावर आले असे वडीलधारे सांगू लागतात. या गडबडीत खिडकीबाहेरून केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन निघून जाते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे थांबत नाहीत. नगर शहराला लागून असलेले केडगाव निराळे. हे केडगाव पुणे जिल्ह्यातील, दौंड तालुक्यातील.

सडकेने यावयाचे झाल्यास पुणे-सोलापूर रस्त्यावरील चौफुल्यास आत वळावे. वाटेत उसाचे मळे लागतात आणि हंगाम असेल तर गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा गोड वास येत राहतो. आज या हिरव्या मुलखाकडे पाहून खरे वाटणार नाही. पण हा मूळचा अवर्षणाचा पट्टा. सव्वाशे वर्षांपूर्वी येथील माळरानावर पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, आंबा-संत्र्यांची झाडे लावली. मुक्ती ती हीच. मनुष्याला ज्या ज्या गोष्टी दुःखी करतात, त्यांपैकी बहुतेक सर्व ज्यांनी भोगल्या, अशा स्त्रियांनी वसवलेले हे गाव आहे. आणि तरीही त्याच्या इतिहासात वारंवार भेटतो तो आनंद. तो कोठून आला, हे समजून घेण्यासाठी केडगावास अवश्य यावे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे; आईने मुलीला संस्कृत शिकविले. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. मागून खाणे या कुटुंबाच्या स्वभावात नव्हते. होते नव्हते ते विकून झाले, रानातला पाला खाण्याची पाळी आली. 1874 मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे पायी भारतभर हिंडत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, मनोरमा जन्मली आणि 1882 मध्ये पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी कडेवर मूल घेतलेली ही विधवा पुण्यास आली.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हावे ही इच्छा होती. पण श्रवणशक्ती मंद झाल्यामुळे तो मार्ग बंद झाला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे सर्वसाधारण चरित्रकथा अशी चालते, की धर्म स्वीकारला आणि शांती लाभली. रमाबाईंनी स्वतः मात्र तसे लिहिलेले नाही. त्यांच्या आत्मनिवेदनात एक विलक्षण प्रांजळ कबुली आहे: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तत्त्वे पटली होती, बुद्धीचे समाधान झाले होते, अंतःकरण मात्र रितेच होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ज्याचा अनुभव आला, तो आपल्या पात्रतेवर अवलंबून नसलेल्या प्रेमाचा. काही कमावून देवाजवळ जायचे नाही. आहे तसेच जायचे, आणि तो घेतो. आजन्म व्रते, तीर्थे आणि पांडित्य यांची शिदोरी बांधून चाललेल्या जिवाला हे ओझे उतरल्यासारखे झाले. 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या निवेदनाला त्यांनी कधीही न सरणाऱ्या ठेव्याची साक्ष असे नाव दिले. ज्या बाईजवळून सर्व काही सरले होते, तिने हा शब्द योजावा यात मोठा अर्थ आहे.

ही ओळख सर्वांना रुचली नाही, हेही सांगितले पाहिजे. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढल्या वर्षी पुण्यास आलेले शारदा सदन हे विधवांसाठी मोठाच आधार होता. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई तेथल्याच विद्यार्थिनी. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तसे वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या टीकेमागची काळजी खोटी नव्हती आणि रमाबाईंची निष्ठाही खोटी नव्हती. आज दोन्ही बाजू शांतपणे वाचणाऱ्याला दोघांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना स्वतःचे पाला खाल्लेले दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या मळ्यावर झोपड्या उभ्या राहिल्या. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आल्या. बडोद्याच्या किंवा जबलपूरच्या वाचकाने हे लक्षात ठेवावे, की मुक्तीचे गोकुळ त्याच्याच मुलखातील लेकींनी भरले. संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींना केवळ जेवू घालणे हीच मोठी गोष्ट. पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शाळा, शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे बायकाच चालवू लागल्या. अंध स्त्रियांसाठी वेगळे घर झाले आणि मनोरमेने त्यांना ब्रेल लिपी शिकविली. वृद्धांचे प्रीति सदन आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे कृपा सदन अशी नावे पडली. 1905 मध्ये येथील प्रार्थनासभांत शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या; कोणी रडत होत्या, कोणी हर्षाने गात होत्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासकारांनी त्या घटनेची नोंद घेतली आहे. पण मला विशेष वाटतो तो दुसऱ्या दिवशीचा आनंद: रात्री गाणाऱ्या त्याच मुली सकाळी जात्यावर, विहिरीवर आणि खिळे जुळविण्याच्या पेट्यांपुढे हजर असत.

आपण सुख आणि आनंद हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. सुख बाहेरून येते. पाऊस पडला, पीक आले, घरचे माणूस बरे झाले म्हणजे सुख होते. ते गेले की माणूस रिकामा होतो. मुक्तीत आलेल्या मुलींचे गेलेले काहीच परत येणार नव्हते. आईबाप नाही, गाव नाही. त्यांना तेथे दोन गोष्टी मिळाल्या. आपण कोणाला तरी हव्या आहोत हा विश्वास, आणि आपल्याहून दुबळीसाठी करावयाचे काम. ख्रिस्ती श्रद्धेतील आनंद म्हणतात तो बहुधा हाच असावा. त्यात दुःख नाकारलेले नसते. क्रूस ज्यांच्या उपासनेच्या मध्यभागी आहे, त्यांना दुःख नाकारता येणारही नाही. दुःखाला शेवटचा शब्द मात्र दिला जात नाही.

रमाबाईंची अखेरची परीक्षाही सोपी नव्हती. ज्या मनोरमेच्या हाती सर्व सोपवायचे, ती 1921 मध्ये गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायकामुलींना समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते. मुलीच्या मृत्यूनंतरही ते थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल पुढे छापून झाले, मुक्तीच्याच छापखान्यात.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार स्त्रिया, मुले आणि अंध भगिनी यांचे ते राहते घर आहे. तेव्हा प्रेक्षणीय स्थळ समजून अचानक जाऊ नये, आधी परवानगी घ्यावी. दगडी चर्च पाहावे, रमाबाईंच्या समाधीपाशी घटकाभर उभे राहावे. आपली श्रद्धा कोणतीही असो, तेथे एक हिशेब मनात आल्यावाचून राहत नाही: आपल्याजवळचे काय सरले, याची यादी आपण नेहमीच करतो, न सरणारे काय उरले, तेही एकदा मोजून पाहावे.