उलटी ठेवलेली उशी

आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती सकाळी उठल्यावर उशी उलटी करून ठेवते का, हे कधी पाहिले आहे का? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु आईच्या दुखण्याचा सुगावा मला अशाच एका उशीने लागला. अभ्र्याच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग होते. विचारल्यावर ती म्हणाली, "काय न्हाई रं, घोळणा फुटतोय अधनंमधनं." हे अधूनमधून म्हणजे चार महिने चालले होते, आणि दर वेळी रक्त डाव्याच नाकपुडीतून येत होते.

आम्ही कबनूरचे. इचलकरंजीला हे गाव इतके लागून आहे की रात्री कानी येणारा यंत्रमागांचा खडखडाट नेमका कुठला, ते सांगता येत नाही. आईने पस्तीस वर्षे कांड्या भरल्या. सुताचे तंतू नाकात जाणे आणि नाक चोंदणे हा तिच्या लेखी आजार नव्हताच, कामाचा भाग होता. डावी नाकपुडी बंद राहू लागली तेव्हा तिने वाफ घेतली. रक्त आले तेव्हा मान मागे टाकून फोडलेला कांदा हुंगला. आणि लिहिताना संकोच वाटतो, पण उशी पाहिल्यानंतर मीही सहा आठवडे घालवले. आधी गावचा उरूस होता, मग मुलीची परीक्षा. एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे आणि त्याच बाजूने वारंवार रक्त येणे, हे उतारवयात थांबून पाहण्याचे लक्षण नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

गावातील डॉक्टरांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी करून घेण्यास सांगितले आणि आईने साफ नकार दिला. "त्या साथीत ज्येंच्या नाकात दुर्बीण घातली, त्येंचं डोळं काढलं." तिची आठवण खोटी नव्हती. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांतील अनेकांना मधुमेह होता, अनेकांना स्टिरॉइड औषधे दिलेली होती. बुरशी डोळ्याच्या खोबणीत पसरल्यावर जीव वाचवण्यासाठी काहींचे डोळे काढावे लागले. दुर्बीण मात्र ती बुरशी वेळेत दिसावी म्हणून घातली जात होती. आईने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली होती. ती दुरुस्त करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आणि खरे सांगायचे तर ती पटली नाही, माझ्यासाठी तयार झाली.

कोल्हापुरातील तपासणीगृहात ती दुर्बीण प्रथम पाहिली. लांबी वीतभर, जाडी सुमारे 4 मिलिमीटर, म्हणजे स्वेटर विणायच्या सुईएवढी. लांबी पाहून धसका बसतो, पण ती सगळी आत जात नाही. पूर्वी कपाळावरच्या आरशाने उजेड पाडून नाकाचा पुढचा भागच काय तो दिसे. हेरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने काचेच्या दांड्यांची भिंगरचना शोधली आणि 1970 च्या दशकात ऑस्ट्रियातील ग्राझचे डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी तिच्या साहाय्याने नाकाच्या आतील वाटांचा पद्धतशीर अभ्यास केला. आज मागचा कोपरानकोपरा पडद्यावर दिसतो.

आधी बधिर करणाऱ्या आणि सूज उतरवणाऱ्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात ठेवल्या. दहाएक मिनिटांत औषध घशात उतरते, चव कडू लागते, आणि घसा सुजल्यासारखा, गिळता येत नसल्यासारखा वाटतो. आई येथेच घाबरली. असे होणार हे आधी सांगितले असते, तर ती घाबरली नसती. पुढचे काम खुर्चीत बसून, जागेपणी, काही मिनिटांचे. दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येते, शिंक येते. तोंडाने संथ श्वास घेत राहायचे आणि मान मागे ओढायची नाही. दुखलेच तर हात वर करायचा, डॉक्टर थांबतात.

माझी चूक मात्र खुर्चीवर बसण्याआधीच उघडी पडली. "आजी, गोळ्या कोणत्या चालू आहेत?" या प्रश्नाला आईचे उत्तर होते, "एक गुलाबी, दोन पांढऱ्या." मी यादी नेली नव्हती. घरी फोन केला, पत्नीने पाकिटावरचे नाव वाचले: क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणारी. नुसते पाहण्यास त्या गोळीची अडचण नव्हती. परंतु डाव्या बाजूला दिसलेल्या गाठीचा तुकडा त्या दिवशी घेता आला नाही. हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन पुन्हा यावे लागले. अशी गोळी आपल्या मनाने बंद करणे हा उपाय नव्हे. स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या तर ते जिवावर बेतू शकते. रक्तदाब, मधुमेह, पूर्वी बधिर करताना झालेला त्रास, हे सारे कागदावर लिहून न्यावे. उपाशी जावे की खाऊन, हेही आधी विचारावे. आम्हांला हलके खाऊन यायला सांगितले होते.

बाहेर येताच आईने चहा मागितला. घसा बधिर असताना गरम पदार्थ भाजतो आणि ठसकाही लागतो, म्हणून तासभर थांबायला सांगितले होते. त्या तासाइतकी चिडचिड तिने तपासणीत केली नव्हती. त्या दिवशी नाक जोराने शिंकरायचे नाही. शेंबडात रक्ताचा एखादा धागा दिसला तर घाबरायचे नाही. आणि घोळणा फुटला तर काय करायचे, तेही तेथेच नीट कळले: बसून पुढे झुकायचे, नाकाचा मऊ भाग चिमटीत सलग दहा ते पंधरा मिनिटे धरायचा, आणि तरीही थांबले नाही तर रुग्णालय गाठायचे. मान मागे टाकली की रक्त पोटात जाते. कांदा बिचारा निरुपद्रवी आहे, एवढेच.

तुकड्याचा अहवाल येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. अहवालात इन्व्हर्टेड पॅपिलोमा असे नाव आले. तो कर्करोग नव्हे. पण अर्धवट काढला तर पुन्हा वाढतो आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. तो संपूर्ण भूल देऊन, दुर्बिणीतूनच काढला. पुढे काही वर्षे दुर्बिणीने पाहत राहायचे आहे. माझे सहा आठवडे आणि तिचे चार महिने यांनी काय बिघडले असते, हे मी डॉक्टरांना विचारले नाही.

आता गोळ्यांची यादी आईच्या पिशवीत चष्म्याच्या डबीत घडी घालून असते. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. उशी सरळ ठेवलेली असते. मी मात्र सकाळी ती उलटून पाहतो.