नावे बदलणारी ओळ

नावे ठेवण्याची कला आपल्या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही. नावे बदलण्याची मात्र संगणकाकडून शिकण्यासारखी आहे. एकेक फाइल उघडून तिचे नाव बदलत बसणे म्हणजे तांदूळ निवडणेच. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याच्या जुन्या पद्धतीत तेच काम एका ओळीत उरकते.

आमच्या घरातली १९३४ ते १९७९ पर्यंतची ६४० पत्रे पुतण्याने आणि शेजारच्या मुलीने मिळून स्कॅन केली. मूळ कागदांचा ओलीने आणि वाळवीने भुगा होत चालला आहे. म्हणजे आता फाइल हेच पत्र. फाइलींना रोमन अक्षरांत नावे दिली होती: तारीख, कुणाला, कुठे. तारीख आपल्या रीतीने, दिवस आधी. संगणक डावीकडून वाचत जातो, त्यामुळे सगळ्या सालांतल्या एक तारखा एका रांगेत आणि १० तारीख २ च्या आधी.

लिनक्सवर ‘रीनेम’ नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. पर्ल भाषेचे जनक लॅरी वॉल यांनीच तो लिहिला. त्याला सूत्र द्यायचे: ‘एस’ हे अक्षर, तिरकी रेघ, काय शोधायचे ते, पुन्हा रेघ, त्या जागी काय ठेवायचे ते, पुन्हा रेघ. शोधायला नेमका शब्दच हवा असे नाही. ‘दोन आकडे, मग आडवी रेघ’ असा नुसता साचाही चालतो. साच्याचा जो भाग कंसात घालाल तो नव्या नावात हव्या त्या जागी बसवता येतो. आधी एकेरी आकड्यांपुढे शून्ये लावली, मग दिवस-महिना-वर्षाचे वर्ष-महिना-दिवस केले. चहा निवायच्या आत ६४० पत्रे तारखेवार उभी!

शेजारची मुलगी कन्नड शाळेत शिकलेली. ‘शांता’मधला ‘ता’ ती ‘टी-एच-ए’ असा लिहिते, पुतण्या ‘टी-ए’. दोघेही आपापल्या परीने बरोबर. साच्यात ‘एच’नंतर प्रश्नचिन्ह टाकले की ‘असला तर असो, नसला तर नसो’. (साध्या आज्ञांत फाइली निवडताना हेच चिन्ह ‘कोणतेही एक अक्षर’ असा अर्थ सांगते. एकच खूण, दोन भाषांत दोन अर्थ. हे सीमाभागातल्या माणसांना काय समजावून सांगायचे!)

पुतण्याला चेव आला. म्हणाला, “काका, गावाचेही एकसारखे करून टाकू. सगळीकडे बेळगावी.” सूत्राआधी आडवी रेघ आणि ‘एन’ जोडले की रीनेम काही बदलत नाही, काय बदलेल याची नुसती यादी दाखवतो. मी ती आधी मागितली. यादीत ‘बेळगाव समाचार’च्या कात्रणाचे ‘बेळगावी समाचार’ होणार होते आणि बेळगावकर मामांचे ‘बेळगावीकर’! साच्याला अक्षरे कळतात, गाव आणि आडनाव यांतला फरक कळत नाही. शिवाय १९३४ च्या पत्त्यात मुंबई इलाखा आहे, १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्य, १९७३ नंतर कर्नाटक. बेळगावी हे सरकारी नाव तर २०१४ चे. यातले एकही पत्र त्या नावाच्या गावाला आलेले नाही. तो बेत तिथेच राहिला.

खरी गाठ आजीपाशी पडली. माहेरची शांता, लग्नात तांदळात नाव लिहिले तेव्हापासून जानकी. पुतण्याचे म्हणणे, बाई एक तर नावही एकच असू दे. पुन्हा यादी काढली. १२ मे १९३८ च्या दोन ओळी शेवटी सारख्याच दिसल्या. त्या दिवशीची पत्रे दोन: एक तिच्या आईने शांताला लिहिलेले, दुसरे आजोबांनी हुबळीहून जानकीला. शांताची जानकी केली की दोन्ही फाइलींचे नाव एकच. रीनेम अशा वेळी अडून बसतो, जबरदस्ती केली तरच पुढे जातो. नेहमीची ‘एमव्ही’ आज्ञा सहसा इतका विचार करत नाही. तिने एक पत्र दुसऱ्यावर चढवून खालचे गडप केले असते. तेही न विचारता, आणि कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा सापडणार नाही असे.

“मग आजीची सगळी पत्रे एकत्र कशी मिळणार?” पुतण्याने विचारले. त्यासाठी नावे बदलायची गरजच नव्हती. शोधाच्या साच्यात दोन नावांच्या मध्ये उभी रेघ घातली की ‘हे किंवा ते’ असा अर्थ होतो. शांता, उभी रेघ, जानकी. ८७ पत्रे समोर आली. त्यांतली ३१ शांताची, सगळी तिच्या आईच्या हातची. शेवटचे १९५२ चे आहे. अक्षर थरथरते, पण मायना तोच: चि. सौ. शांतास अनेक आशीर्वाद.