आठ वर्षांचे अंतर

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात बाप्तिस्मा आणि मनःशांती या दोन गोष्टी एका दिवशी आलेल्या नाहीत. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, म्हणजे जलसंस्काराने त्या ख्रिस्ती मंडळीत दाखल झाल्या; पण ज्या स्वस्थतेने त्यांचे पुढचे सारे आयुष्य तोलून धरले ती त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, मायदेशी परतून शारदा सदन या विधवांसाठीच्या निवासी शाळेच्या कामात बुडून गेल्या असताना लाभली, असे त्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या 'अ टेस्टिमनी' या छोट्या इंग्रजी आत्मनिवेदनात स्वतःच नमूद केले आहे. त्यांच्या धर्मांतराविषयीचे बहुतेक लेखन, मग ते गौरवाचे असो की निषेधाचे, 1883 या सालापाशीच घोटाळत राहते, आणि त्यामुळे त्या दिवशी या बाईंना काय मिळाले नाही व पुढे काय मिळाले, हा अधिक मोलाचा प्रश्न बाजूलाच पडतो.

या प्रश्नाची मुळे त्यांच्या माहेरी आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे आचाराने सनातनी असले तरी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही, आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करून ते सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले, जिथे 1858 साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घरची मालमत्ता संपल्यावर हे कुटुंब पुराणिकाच्या वृत्तीने, म्हणजे देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे आणि श्रोते ठेवतील त्या दक्षिणेवर गुजराण करायची अशा रीतीने, देशभरातील तीर्थे फिरत राहिले. उपास, नेम, जप, पवित्र स्नाने आणि ब्राह्मणांना दाने यांनी पुण्याचा संचय होतो व तो पुरेसा झाला की देव प्रसन्न होतो, ही त्या घराची अढळ श्रद्धा होती. हाती होते नव्हते ते सारे त्या संचयापायी गेले. मग 1870 च्या दशकातला दुष्काळ आला आणि थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी उत्तरेकडे निघाली, आणि पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांना वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढावी लागली. संचय केलेल्या पुण्याने तारले नाही, हा अनुभव कोणत्याही मिशनऱ्याची गाठ पडण्यापूर्वीच त्यांच्या पदरी पडला होता, आणि त्यांच्या धर्मांतराचे श्रेय किंवा दूषण परक्यांच्या माथी मारणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये.

1878 मध्ये कलकत्त्याला त्यांच्या विद्वत्तेचा गौरव होऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्याला त्या व श्रीनिवास गेले असता तिथली मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून प्रार्थना करताना दिसली, तेव्हा ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करतात की काय असे त्यांना वाटले. मूर्तिपूजक म्हणून हिणवल्या जाणाऱ्यांकडून इतका निर्मळ परतफेडीचा गैरसमज क्वचितच झाला असेल. याहून गंभीर गोष्ट अशी की स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले, तेव्हा इतर सर्व बाबतींत एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्री स्वभावतः हीन आहे आणि तिला स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, या दोन मुद्द्यांवर मात्र एकमुखी आहेत, असे त्यांना आढळले. वेद वाचण्याचा आग्रह त्यांना ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी केला, पण वेदांनीही ही पोकळी भरली नाही. श्रीनिवासाच्या मृत्यूनंतर 1880 मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामात सिल्चर येथे घरच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एक, आणि त्याची ओढ लागली. पतीला ती रुचली नाही. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचे निधन झाले, आणि तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी स्थापलेल्या आर्य महिला समाज या स्त्रियांच्या संस्थेची हकिकत मराठी वाचकाला परिचित आहे. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्चाची सोय करून त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा मनात वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, परंतु ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे अविवाहित राहून सेवेचे व्रत घेतलेल्या अँग्लिकन स्त्रियांनी, लंडनमध्ये फुलम येथे चालवलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळले जात होते. असे करण्याची बुद्धी कोठून येते या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचा प्रसंग वाचून दाखवण्यात आला, ज्यात येशू एका परजातीच्या, बदलौकिकाच्या बाईशी विहिरीपाशी बसून धर्माची गहन चर्चा करतो. ज्या बाईला मोक्षाचा अधिकार ग्रंथांनी नाकारला होता तिला हा प्रसंग हलवून गेला, यात नवल नाही. बाप्तिस्म्याला बुद्धीची संमती होती, आणि करुणेचीही.

तरीही स्वस्थता नव्हती, आणि याचा पुरावा त्यांच्या पत्रव्यवहारात पानोपानी आहे. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी 1884 ते 1886 या काळात झालेल्या या पत्रांत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव या मतावर, नेटाने शंका काढतात. अथनासियसचा म्हणून ओळखला जाणारा मतांगीकार, ज्यात हे मत न मानणाऱ्याचा नाश ठरलेला आहे, तो म्हणण्यास नकार देतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा रोकडा प्रश्न टाकतात. आणि धर्मभगिनींच्या आज्ञेपेक्षा सदसद्विवेकबुद्धीची आज्ञा वरची, असे बजावतात. सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसला. वास्तविक एका चौकटीतून निसटलेल्या आणि दुसरीत निमूटपणे शिरण्यास नकार देणाऱ्या बुद्धीचा तो प्रामाणिकपणा होता. मात्र तो शांत मनाचा उद्गार नव्हता, हेही खरे.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तिथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे निधी देण्याचे वचन देणारी संघटना उभी राहिली, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला यश दिसत होते. आत मात्र, त्यांच्याच कबुलीनुसार, एक भूक शिल्लक होती, आणि 1891 च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे 'फ्रॉम डेथ इन्टू लाइफ' हे आत्मचरित्र आले. हॅस्लम हा कॉर्नवॉलमधल्या एका चर्चचा पाळक होता, आणि वर्षानुवर्षे उपदेश करूनही आपला स्वतःचा उद्धार झालेला नाही हे त्याला 1851 मध्ये एका रविवारी व्यासपीठावर उभे राहून बोलत असतानाच उमगले, अशी त्याची हकिकत आहे. ती वाचून रमाबाईंना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. विश्वासाने नीतिमान ठरणे असे ज्याला ख्रिस्ती धर्मशास्त्रात म्हणतात, म्हणजे माणूस आपल्या कर्माच्या बळावर नव्हे तर ख्रिस्ताने त्याच्यासाठी सोसलेल्या मरणावर भरवसा टाकून देवापुढे निर्दोष ठरतो, हा सिद्धांत त्यांनी वाँटेजला शिकलेला होता. आता तो स्वतःच्या बाबतीत खरा मानायचा होता.

इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण या जागी काय बदलले हे 'हृदयपालट' सारख्या तयार शब्दाने झाकले जाते. वडिलांच्या घरी देवाशी असलेले नाते जमाखर्चाचे होते, आणि रमाबाईंच्या जीवनाचा कल पाहता असे म्हणावेसे वाटते की बाप्तिस्म्यानंतरही ती वही मिटलेली नव्हती, फक्त तिच्यातले रकाने बदलले होते. उपासाच्या जागी अभ्यास आला होता, तीर्थयात्रेच्या जागी समाजकार्य, दानाच्या जागी सिद्धांतांची काटेकोर छाननी. पात्रतेची अट कायम होती आणि ती पुरी करण्याची जबाबदारी त्यांच्या एकटीच्या शिरावर होती. ज्या स्त्रीला तिच्या परंपरेने मुळातच अपात्र ठरवले होते तिने आयुष्यभर आपली पात्रता सिद्ध करत राहावे, हे स्वाभाविक होते आणि थकवणारेही. जात, लिंग, विद्या, पुण्य यांपैकी कशाचीच अट न घालता, पापी म्हणूनच पत्करले जाणे, ही गोष्ट त्यांना तर्काने आधीच ठाऊक होती; त्या भरवशावर अंग टाकून देता येणे मात्र नवे होते. शंकांची उत्तरे मिळाली म्हणून ही शांती आली नाही. उत्तरे मिळेपर्यंत आपण अधांतरी आहोत ही भावना गेली, म्हणून आली.

या शांतीने भोवतालचा कोलाहल कमी केला नाही, उलट वाढवला. शारदा सदनात धार्मिक तटस्थता पाळली जाईल, असे आश्वासन सुधारकांना दिलेले होते, आणि सदन पुण्याला हलवल्यानंतर रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या, मुली आपल्या मर्जीने तिथे येऊन बसू लागल्या, तेव्हा टिळकांच्या 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि 1893 मध्ये रानडे व भांडारकर या सुधारकांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंनी कोणावर बळजबरी केली नाही हे मान्य करूनही, उघडे दार हे तटस्थतेच्या आश्वासनात बसणारे नव्हते, आणि रानड्यांसारख्या सहानुभूतीच्या माणसाला तोंडघशी पडल्यासारखे वाटले असल्यास त्यात वावगे काही नाही. एकाच्या अंतःकरणात आलेली स्वस्थता इतरांशी झालेल्या करारांची पत्रास ठेवीलच असे नाही. त्यांच्या चरित्रकारांनी ही किंमत सहसा हिशेबात धरलेली नाही.

त्या शांतीची खरी कसोटी केडगावला लागली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या. पुण्यात प्लेगामुळे लागू झालेल्या निर्बंधांत इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाल्याने दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर मांडव व झोपड्या उभारल्या, आणि त्यातून 'मुक्ती' ही वसाहत निर्माण झाली. 1898 मध्ये अमेरिकेतील निधीची दहा वर्षांची मुदत संपली. यानंतर त्यांनी ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलरची रीत पत्करली, म्हणजे अनाथालयासाठी कोणाकडे ठरावीक वर्गणी न मागता, गरज देवापुढे मांडून येईल त्यावर संस्था चालवायची. गुजरातच्या 1900 च्या दुष्काळानंतर मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली होती. उद्या इतक्या तोंडांना काय घालायचे, हा प्रश्न ज्या बाईच्या घरातली तीन माणसे उपासमारीने मेली होती तिला किती भयंकर वाटला असता, याची कल्पना केली म्हणजे तिची स्थिरता नुसत्या धार्मिक शब्दांची नव्हती हे पटते. प्रार्थनेच्या जोडीला तिथे शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, असा चोख संसार होता. देवावर हवाला टाकून हात बांधून बसणे त्यांना ठाऊक नव्हते.

शांती म्हटले की मौन डोळ्यांपुढे येते, पण 1905 च्या जूनअखेरीस मुक्तीमध्ये जे 'संजीवन' झाले, म्हणजे श्रद्धेला अकस्मात आलेली सामुदायिक भरती, ते अतिशय गोंगाटाचे होते. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, आपापले अपराध बोलून दाखवत, प्रार्थना करत. काही युरोपीय मिशनऱ्यांना हा प्रकार अशोभनीय वाटला. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. भारतीय माणसाने आपल्या रीतीने रडावे-गावे, त्याला युरोपी शिस्तीचे माप लावू नये, अशी त्यांची भूमिका होती, आणि लॅटिन क्रुसाला हरकत घेणारी तरुण रमाबाई इथे जशीच्या तशी भेटते. श्रद्धेने त्यांचा स्वभाव मोडला नव्हता.

अखेरची बरीच वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा उतारवयात शिकून घेतल्या, आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरला. मजकुराचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियाच जुळवीत. संस्थेची वारसदार म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते ती मनोरमा 24 जुलै 1921 रोजी मिरज येथे वारली, आणि रमाबाई भाषांतराच्या मुद्रितांकडे परतल्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या शांतीविषयी ज्याला मत बनवायचे असेल त्याने त्यांचे आत्मनिवेदन एकटे वाचू नये. आधी वाँटेजच्या काळातील त्यांची भांडखोर पत्रे वाचावीत, ती ग्रंथरूपात उपलब्ध आहेत, आणि मगच 1907 चे ते छोटे पुस्तक हाती घ्यावे.