न घेतलेलीं दृश्यें

टोमास आल्फ्रेडसन या स्वीडिश दिग्दर्शकाच्या 'लेट द राइट वन इन' (२००८) या चित्रपटांतील बर्फ आमच्या मनांतून अद्याप वितळलेलें नाहीं. नेस्बो यांची 'द स्नोमॅन' ही कादंबरी त्यांनीं २०१७ सालीं पडद्यावर आणली, तेव्हां आम्ही मोठ्या आशेनें चित्रगृहांत गेलों. ऑस्लोंत स्त्रिया नाहींशा होत आहेत, आणि खुनी मागें बर्फाचा बाहुला उभा करून जातो. कल्पना अंगावर कांटा आणणारी खरी!

जाहिरातीवरचा खुनी पोलिसांस बजावतो कीं, मीं तुम्हांला सारे दुवे दिले होते. प्रेक्षकांच्या हातीं मात्र ते लागत नाहींत. अमुक पात्र कशासाठीं आलें हें उमगण्यापूर्वींच पुढला मुडदा पडतो. पुढें दिग्दर्शकांनींच कबूल केलें कीं, पटकथेचा शेंकडा १० ते १५ भाग चित्रित करावयाचाच राहून गेला. प्रवासवर्णनांतून इतकीं पानें गळालीं तर एक वेळ खपेल. रहस्यकथेंत नेमका उलगडाच त्या पानांत असावयाचा. थेल्मा स्कूनमेकर यांच्यासारख्या कसबी संकलिकेलाही न घेतलेलें दृश्य जोडतां येत नाहीं.

बेर्गेनच्या कथाभागांत रॅफ्टो या अधिकाऱ्याच्या ओठांशीं आवाज जुळेना, तेव्हां चित्रगृहांत हंशा पिकला. आम्हीही हंसलों. ती भूमिका करणाऱ्या व्हॅल किल्मर यांचा आवाज घशाच्या कर्करोगानें हिरावला होता, हें मागाहून समजलें, आणि त्या हंसण्याची लाज वाटली.

बाहेर पडतांना आम्ही मारल्या गेलेल्या स्त्रियांचीं नांवें आठवून पाहिलीं. एकही आठवेना. बाहुला तेवढा आठवत होता.