ईशापूरची रायफल, ह्यूस्टनचा बाजार

टेबलावरच्या चिठ्ठीत ‘ब्रिटिश एनफिल्ड, .३०३’ असं लिहिलं होतं. किंमत अडीचशे डॉलर. मॅगझिनचा डबा पाहिला आणि मी थबकलो. .३०३ चा डबा खाली तिरका होत जातो, हा चौकोनी होता. दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथे सिंहमुद्रा, तिच्याखाली ‘आर.एफ.आय.’, ‘७.६२ एमएम २ए१’ आणि साल १९६७. हुगळीकाठच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत घडलेली, आपल्या जवानासाठी केलेली बंदूक टेक्सासमध्ये इंग्रजांच्या नावावर विकायला पडली होती.

ह्यूस्टनच्या आसपास शस्त्रांची अशी प्रदर्शनं नेहमी भरतात. लोक बायकामुलांसह येतात, जत्रेत फिरावं तसे फिरतात. ईशापूरच्या या रायफली आपल्याकडून मोडीत निघाल्यावर व्यापाऱ्यांनी घाऊक भावात उचलल्या आणि इथे अगदी स्वस्तात विकल्या. आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-गाव नळीवर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. ह्या नळीवरही होतं.

विक्रेते वयस्क गृहस्थ. त्यांना आधी सांगितलं, “सर, ही .३०३ नाही. कुणी त्या काडतुसांसाठी म्हणून नेली तर घोळ होईल.” त्यांनी चष्मा लावून अक्षरं वाचली, चिठ्ठी फाडली, नवी लिहिली. किंमत तीच ठेवली.

मग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. आतले पेच धारदार, गंजाचा एक खड्डा नाही. बोल्टवरचा, बॉडीवरचा आणि पुढच्या टोपीवरचा नंबर एकच. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांत कुणी हिचे भाग इकडचे तिकडे केलेले नाहीत. लाकडातून आडवा गेलेला स्क्रू जागेवर होता. लाकूड चिरू नये म्हणून घातलेला हा स्क्रू हिंदुस्थानी एनफिल्डची ओळखच आहे. माशी सरळ, चाप हलका. दस्त्यावर पांढऱ्या रंगात रॅकचा नंबर, अर्धा पुसलेला.

१९६२ साली चीनविरुद्ध आपले जवान .३०३ घेऊन लढले. सैन्याला ७.६२ चं काडतूस हवं होतं. त्यासाठीची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) ईशापुरातच तयार होऊ लागली होती, पण लाखो हातांना ती लगेच पुरणार कशी? तेव्हा तिथल्या लोकांनी जुन्या ली-एनफिल्डचाच आराखडा घेतला, पोलाद अधिक दणकट वापरलं, कारण नव्या काडतुसाचा दाब जास्त, आणि बारा गोळ्यांचा डबा बसवला. आधीच्या २ए मॉडेलवर नेम दोन हजारांपर्यंत आखलेला होता, २ए१ वर तो आठशे मीटरवर आणला. दोन हजारांवरून कुणी नेम धरत नाही, हे मान्य करण्यात मला त्या कारागिरांचा प्रामाणिकपणा दिसतो. टंचाईत घाईने केलेलं काम इतकं नेटकं असावं, याचा मला अभिमान वाटतो.

हिची काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही बनत. इथल्या जुन्या खोक्यांत पितळेवर ‘ओ.एफ.व्ही.’ सापडतं. .३०३ च्या पुंगळ्यांवर ‘के.एफ.’ दिसलं की ती खडकीची. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ चा.

माझ्या गावाकडे, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत मात्र ही बंदूक कुणाला घरी ठेवताच येत नाही. .३०३ आणि ७.६२ सामान्य नागरिकाला बंद. आमच्याकडे रानडुकरं भाताच्या खाचरात घुसतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना आणि त्यावर ठासणीची बंदूक. निवडणूक लागली की ती पौडच्या पोलीस ठाण्यात जमा करायची. इथे मी एक फॉर्म भरला, काही मिनिटांत चौकशी झाली आणि रायफल हातात पडली. परवान्याचा आपल्याकडचा जाच खराच आहे, पण इथली ढिलाई मला मुळीच पटत नाही. या शहरात गोळीबाराची बातमी येत राहते. माझ्या घरात बोल्ट आणि रायफल वेगवेगळ्या कुलपांत असतात, काडतुसं घरात नाहीत, आणि हे मुलांना माहीत आहे.

मुळशीशी नाव जोडलेले सेनापती बापट शिकायला एडिंबरोला गेले आणि तिथे नेमबाजीही शिकून आले. पुढे १९२१ साली रामनवमीला मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, त्याचे ते सेनापती. जमिनी बुडाल्या त्या गावांची आम्ही नातवंडं-पणतवंडं, त्यामुळे परदेशात बंदुकीला हात लावताना मला ते आठवतात.

परदेशातल्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं: अशी रायफल दिसली तर तिचं लाकूड घासू नका, पॉलिश चढवू नका, नळी कापून आखूड करू नका. इथे कित्येकांनी तसं केलंय आणि त्यांवरच्या खुणा कायमच्या गेल्यात. हलकं तेल पुरतं. आणि खडकी, वरणगाव किंवा ईशापुरात नोकरी केलेल्या कुणाला तपासणीच्या शिक्क्यांचे अर्थ ठाऊक असतील तर मला लिहा. बोल्टवर तीन बारीक छाप आहेत, त्यातला एक मला अजून लागलेला नाही.